अडतीस होड्यांचे आभार

कानाझावा,
१६ जानेवारी १९७८

प्रिय किनुताई,

तुझ्या धाकट्या भावावर घोर अन्याय झाला आहे आणि त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून हे पत्र. आमच्या दुकानाच्या नव्या मॅनेजरनं माझं टेबल खिडकीपासून उचललं आणि जिन्याशेजारी, बरोबर भोंग्याखाली आणून ठेवलं. दर चार मिनिटांनी एक बाई वरून गोड आवाजात सांगते की तळमजल्यावर लोकरी मोजे अर्ध्या किमतीत आहेत. बावीस वर्षं मी या दुकानात लोकांची आभारपत्रं कुंचल्यानं लिहितो आहे. आहेराचे आभार, आजारपणात भेटायला आल्याचे आभार, आणि ज्या भेटी कुणालाच नको होत्या त्यांचेही आभार. माझा हात कधी चुकला नाही. परवा एका निवृत्त न्यायाधीशांच्या वतीनं त्यांच्या डॉक्टरांना लिहीत होतो. 'आपल्या कुशल' इथवर आलो आणि पुढे 'लोकरी' लिहून बसलो. कागद वाया गेला. मॅनेजर म्हणाला, "नागासेसान, बाकी छान जमलंय की. तेवढा एक शब्द खोडा ना." कुंचल्याचं पत्र खोडता येतं असं समजणारा माणूस माझा साहेब आहे.

हे तुला वाचून दाखवणाऱ्या योशिएला आशीर्वाद. सूनबाई, तुझ्या सासूला माझा आवाज काढून वाचून दाखव, म्हणजे रडगाणं नीट ऐकू येईल. ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन वसंतात करायचं ठरलंय ना? आता मागे फिरू नकोस.

इसामूनं डिसेंबरात पाठवलेली सुकी माकूळ मासळी पोचली आणि संपलीसुद्धा. स्वतःच्या होडीची पहिली माकूळ मामाला पाठवणारा भाचा सगळ्यांच्या नशिबी नसतो. सोबत त्याची चिठ्ठी होती: 'मामा, पोच तुमच्या अक्षरात हवी. होडीच्या केबिनमध्ये लावणार आहे.' अक्षर त्याचं अजून तसंच, खेकडा वाळूवरून गेल्यासारखं. पोच लिहायची राहिली आहे. दिवसाला चाळीस जणांच्या वतीनं आभार मानून घरी आलं की कुंचल्याकडे बघवत नाही. लिहीन. तोवर तूच त्याला तोंडी सांग.

तुझा,
शिगेओ


तोरिगाउरा,
३ फेब्रुवारी

शिगेओ,

मच्छीमार संघाच्या ऑफिसातून फोन केला तेव्हा आजूबाजूला माणसं होती. नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. पेन्सिलीनं, मोठं मोठं. माझं मला दिसेल असं.

चोवीस तारखेला पहाटे इसामू होडी घेऊन गेला. एकटाच. दुपारी वारा फिरला. दुसऱ्या दिवशी बेटामागे होडी सापडली, उलटी. तो सापडला नाही. होडीवरची रबरी ट्यूब पण नव्हती. म्हणजे ट्यूब त्याच्यापाशी आहे.

गावाच्या आणि शेजारच्या बंदराच्या मिळून अडतीस होड्या सात दिवस शोधत होत्या. कुणी जाळं टाकलं नाही. ऐन हंगामात. आठव्या दिवशी संघाचे साकामाकीसान आले. दारातच गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. म्हणाले, "काकू, आता थांबतोय." मी म्हटलं, "थांबा. त्याला यायचं तेव्हा तो येईल."

या अडतीस घरांना आभाराचं पत्र जायला हवं. सात दिवसांचे आभार तोंडी मानता येत नाहीत. माझ्या हातात कुंचला धरवत नाही, योशिएचं अक्षर बेताचं. तू लिही. घरटी एक. प्रत्येकात त्या त्या होडीचं नाव. यादी सोबत आहे.

काळ्या शाईत लिही. दाट काळ्या.

किनु


कानाझावा,
७ फेब्रुवारी

ताई,

बर्फामुळे गाडी बंद होती म्हणून आलो नाही, असं लिहिणार होतो. गाडी परवापासून सुरू आहे. तुझ्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून निघालो नाही. लिहायचं काय ते मात्र मला माहीत असतं. तेवढाच माझा धंदा.

आणि धंद्यातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. रागावू नकोस. तुलाही ती माहीत आहे, बाबांनी आपल्याला एकाच सहाणेवर शाई उगाळायला शिकवलं. अशा वेळी पत्राला फिकी शाई घेतात. डोळ्यांतलं पाणी सहाणेवर पडलं म्हणून शाई पातळ झाली, असं त्यात न बोलता सांगायचं असतं. कागद एकच, कारण या दुःखामागून दुसरं यायला नको. पूर्णविराम एकही नाही. काळी शाई, ठळक पूर्णविराम, आणि मजकूर एका कागदात मावला तरी मागे समोरच्याच्या उत्तरासाठी जोडलेला दुसरा कोरा कागद, असं पत्र सुखाचं असतं. ते अडतीस घरांत गेलं तर लोक दारातच उघडतील आणि कुठे बघावं ते त्यांना कळणार नाही. सात दिवस त्यांनी काय शोधलं, ते तेही जाणतात.

घाई नाही ना? दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस होईपर्यंत थांबू. तोवर मी कागद बघून ठेवतो.

मॅनेजरनं भोंग्याचा आवाज थोडा कमी केलाय. त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

शिगेओ


तोरिगाउरा,
१२ फेब्रुवारी

शिगेओ,

तुझं पत्र योशिएनं वाचलं. मध्येच थांबली. पुढचं मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

बाबांनी मलाही शिकवलं, ते मला सांगू नकोस. फिकी शाई कधी घ्यायची ते मला कळतं. म्हणूनच काळी म्हटलं.

रोज सकाळी मी इसामूचं पान वाढते. भात, लोणचं, झाकणाच्या वाडग्यात गरम सूप. त्याचे आजोबा लांबच्या सफरीवर जायचे तेव्हा सासूबाई असंच पान वाढायच्या. जेवण झालं की झाकण उचलून आतून बोट फिरवायचं. थेंब लागले की माणूस सुखरूप. रोज थेंब लागतात. एक दिवस चुकलेला नाही. मला दिसत नाही, पण बोटाला ओल कळते.

तुला लोकांची काळजी. त्यांना कुठे बघावं ते कळणार नाही म्हणे. मग खाली बघू देत. तुला तुझ्या नावाची काळजी आहे, नागासेनं चुकीच्या शाईत पत्रं लिहिली असं कुणी म्हणेल याची. बाबा जायला टेकले तेव्हा अंगात अजून धुगधुगी होती आणि तू पाणी घालून शाई पातळ करत बसला होतास. मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही.

काळी शाई. दोन कागद. पूर्णविराम जिथल्या तिथे. अडतीस. मी स्वतः घरोघर नेऊन देणार आहे. योशिए हात धरेल.

नसेल लिहायचं तर तसं कळव. मी पेन्सिलीनं लिहीन.

किनु


तोरिगाउरा,
१५ फेब्रुवारी

मामांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईंना माहीत नाही. माशांचा लिलाव होतो त्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

झाकणाचं सांगायचं होतं. पहिल्या दिवशी आई पान वाढून हात धुवायला गेल्या आणि मी झाकण उचलून पाहिलं. आतून कोरडं होतं. सूप निवलं होतं, स्वयंपाकघरात गारठा होता, बाकी काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात आईंची पावलं वाजली. मी ओलं फडकं झाकणाच्या आतून फिरवलं आणि परत ठेवून दिलं. आईंनी बोट फिरवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा घास गिळला. दुसऱ्या दिवशी मग मला फडकं फिरवावंच लागलं. आज सतरावा दिवस.

मामा, माझ्याच्यानं आता होत नाही. रस्त्यात बायका भेटतात, तोंड उघडतात आणि हवेबद्दल बोलतात. दुखवट्याचे काळे कपडे मी घालू शकत नाही आणि रंगीत घालवत नाहीत. ह्यांच्या अंगातला स्वेटर खुंटीवर आहे, तो धुवायचा की घडी करायचा ते मला कुणी सांगत नाही. आईंसमोर डोळ्यांत पाणी आलं तर म्हणतात, "रडतेस कशाला, अपशकुन होतो." मी सत्तावीस वर्षांची आहे. मला एकदा पोटभर रडायचं आहे, एवढंच.

तुम्ही फिक्या शाईत लिहा. तुमच्या हातचं पत्र गावात गेलं की आईंना मानावंच लागेल. माझं त्या ऐकणार नाहीत. झाकणाचं मात्र त्यांना कधी सांगू नका.

योशिए


कानाझावा,
२० फेब्रुवारी

चि. योशिएस,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. भोंग्याखाली बसून चार वेळा वाचलं. मोज्यांचा सेल संपला, आता बाई छत्र्यांबद्दल सांगते.

अडतीस पत्रं लिहून झाली. वेगळ्या पार्सलनं पाठवली आहेत. पाकिटांवरची नावं दाट काळ्या शाईत, जाड कुंचल्यानं, ठसठशीत. ताई पाकीट डोळ्यांशी नेऊन उजेडात धरेल, तेव्हा तिला काळं दिसलं पाहिजे. आतलं पत्र फिक्या शाईत आहे. एकच कागद, पण जाड घेतला आहे. ताईच्या बोटांना दोन वाटतील. पूर्णविराम नाहीत. ते तुला वाचताना घालावे लागतील. तिनं एखादं वाचायला सांगितलं तर आवाज पडू देऊ नकोस.

भित्र्या माणसाच्या हातात चांगलं अक्षर असलं की तो काय करतो ते तू बघते आहेस. ताईला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही आणि तुला नाही म्हणायचीही नाही. म्हणून दोघींनाही हो म्हटलं आहे. ताईला सोबत दोन ओळी लिहिल्या आहेत, 'तू सांगितलंस तसं केलं.' बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिच्याशी इतकं सरळ खोटं मी प्रथमच बोललो.

लोक वाचतील, समजतील, आणि समजूनही ताईला काही बोलणार नाहीत. निदान तुझ्याशी तरी माणसांसारखं बोलतील. कोळ्यांची जात शहाणी असते. माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

मामा


तोरिगाउरा,
२ मार्च

मामा,

सत्तावीस तारखेला आम्ही पत्रं वाटायला निघालो. सकाळपासून दुपारपर्यंत अडतीस घरं झाली. शेजारच्या बंदरालाही बसनं जाऊन आलो. आई प्रत्येक दारात वाकून सांगत होत्या, "इसामू आला की स्वतः येऊन पाया पडेल. तोवर हे घ्या." लोक पाकीट कपाळाला लावून घेत होते. तुमचं अक्षर बघून साकामाकीसान म्हणाले, "हे तर देवळात लावण्यासारखं आहे." आईंचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा मला म्हणाल्या, "चल, वाटेत गोड काहीतरी घेऊ."

घरी येऊन जेमतेम चहा टाकला, तोच दारात पावलं वाजली. आई लगबगीनं उठल्या. म्हणाल्या, "बघ, खबर आली."

पत्र उघडलं तसे लोक उठून आले होते, मामा. ते इतके दिवस थांबले होते. माणूस गेला असं घरच्यांनी मानल्याशिवाय दुखवट्याची उदबत्ती आणायची नाही, म्हणून सगळ्यांनी आणून ठेवली होती आणि कपाटात तशीच पडली होती. तुमच्या पत्रानं घरच्यांनी मानलं. कोळ्यांची जात शहाणी असते असं तुम्ही लिहिलंत. ती रीतीचीही असते. पहिल्या आल्या त्या हामागुचीकाकू, काळ्या किमोनोत. आईंना रंग कळला नसेल. काकूंनी उदबत्त्यांचा पुडा आईंच्या हातात ठेवला. आईंनी तो बोटांनी चाचपला. मग नाकाशी नेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या नाहीत. "आत या," म्हणाल्या, "बाहेर गार आहे." मग माणसं येतच राहिली. कुणी रांगेत बाहेर बर्फात उभे होते. आईंनी एकेकाला चहा दिला. साकामाकीसान रडू लागले तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही सात दिवस शोधलंत." अडतीस पुडे. घरात इतका वास झाला की मांजर निघून गेलं.

सगळे गेल्यावर मला समोर बसवलं. विचारलं, "पत्राची शाई कशी आहे?" मी सांगितलं. मग विचारलं, "आणि झाकण?"

मामा, मला खोटं बोलता आलं नाही.

त्या दिवसापासून पान वाढलेलं नाही. आई बोलत नाहीत. मला रागावतही नाहीत. माझ्यासाठी काळा किमोनो मात्र त्यांनीच पेटीतून काढून ठेवला, त्यांचा स्वतःचा, माझ्या मापाला दुमडून टाके घालून. दिसत नसताना. टाके सगळे वाकडे आहेत.

मला रडायचं होतं ना. आता सगळे सांगतात, रड. रडू येत नाही. या घरात एक माणूस ह्यांची वाट बघत होतं, मी एक ओलं फडकं फिरवलं की ते दिवसभर पुरायचं. तेही मीच बंद पाडलं. तुम्हाला लिहायला नको होतं.

योशिए


कानाझावा,
१५ मार्च

ताई,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही, ते बरोबरच आहे.

एकोणपन्नासावा दिवस होऊन गेला. मी स्टेशनवर आलो होतो. तिकीटही काढलं होतं. गाडी आली, तिच्यात माणसं चढली आणि ती गेली. यात गंमत करण्यासारखं काहीतरी असेल, मला सापडत नाही.

मी तुझं ऐकायला हवं होतं. काळ्या शाईत लिहिलं असतं तर लोकांनी मला वेडा म्हटलं असतं, तुला म्हटलं असतं, आणि तू पान वाढत राहिली असतीस. किती दिवस ते तुझं तू ठरवलं असतंस. ते ठरवणारा मी कोण होतो?

मला शिव्या दे. पेन्सिलीनं दे. पण लिही.

शिगेओ


तोरिगाउरा,
२९ मार्च

शिगेओ,

शिव्या द्यायच्या नाहीत.

देव्हाऱ्यात त्याचा फोटो ठेवला. मीच ठेवला. भटजी म्हणाले थडग्याच्या दगडाखाली काही तरी पुरायला हवं, तर त्याचा स्वेटर पुरला. योशिएनं धुतला नव्हता. बरं झालं.

योशिएला माहेरी पाठवणार आहे. इथे राहिली तर रोज सकाळी त्या झाकणाकडे बघते. तिची चूक नाही हे मी तिला सांगितलं. तिला ते खरं वाटत नाही. मलाही बोलताना वाटत नव्हतं.

डोळ्यांचं ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरांना कळवलं. बघायचं काय आहे?

तू फसवलंस ते मी विसरेन. माझं वय आहे विसरायचं. एक राहिलं आहे ते सांगते. तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा इसामू घरी होता. जाळं दुरुस्त करत बसला होता. मी सांगितलं, मामाला माकूळ पोचली, आवडली, आभार मानलेत. तो हसला. म्हणाला, "तोंडी नाही चालायचं. मामाला सांग, खिळा ठोकून ठेवलाय." मग रोज विचारायचा, पत्र आलं का. तेवीस तारखेलाही विचारलं.

होडी ओढून किनाऱ्यावर ठेवली आहे. केबिनमध्ये हात घालून पाहिला. खिळा आहे.

किनु


कानाझावा,
२ एप्रिल

चि. इसामूस,

तू पाठवलेली सुकी माकूळ १९ डिसेंबरला पोचली. पोच द्यायला उशीर झाला.

एकूण दहा होत्या. जाडीला चांगल्या, मीठ बेताचं, एकही तुटलेली नव्हती. पहिली मी त्याच संध्याकाळी विस्तवावर भाजली. कडा वळल्या आणि खोलीभर समुद्राचा वास झाला. शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, माझ्या भाच्याची होडी आली आहे. त्यांनाही दोन दिल्या. बाकीच्या मी एकट्यानं खाल्ल्या. स्वतःच्या होडीची पहिली माकूळ तू मला पाठवलीस. याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

तुझं अक्षर सुधारलेलं नाही. सुधारायची गरज नाही. 'पोच' मधला 'च' चांगला जमला आहे.

आज रविवार, दुकान बंद, भोंगा नाही. बाबांची सहाण काढून सकाळपासून शाई उगाळली. इतकी दाट झाली की कुंचला जड वाटतो आहे. खारी हवा लागली तरी उडणार नाही. कागद तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवतो. वरच्या कडेला भोक पाडून ठेवलं आहे, खिळ्यासाठी. ती नेऊन लावील. हात लावून तिला जागा माहीत झाली आहे.

मागे एक कोरा कागद जोडला आहे. उत्तराची घाई नाही.

तुझा मामा,
शिगेओ